मराठी भाषा निवडली की एकाच ॲपमध्ये तीन तऱ्हेच्या तारखा, आणि पहाटेचं दूध आदल्या दिवशी

कृष्णाकाठ
दूध संकलन संस्थेसाठी ॲप आहे. कोड अँड्रॉइडवर कोटलिनमध्ये, आयफोनवर स्विफ्टमध्ये; मागे सर्व्हरवर जावा आणि पोस्टग्रेस डेटाबेस. भाषा दोन: मराठी आणि इंग्रजी. उत्पादकाला सकाळ-संध्याकाळची पावती (लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, दर, रक्कम) आणि दहा दिवसांचं बिल दिसतं. बिलं १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तारखांचा पुढचा घोळ आहे:

१) पावत्यांच्या यादीत १५/०८/२०२४. तीच पावती उघडली की 15 ऑगस्ट, 2024. बिलाच्या डोक्यावर मात्र महिन्याचं नाव इंग्रजीत.
२) काही फोनवरून पावती सर्व्हरवर चढतच नाही. लॉगमध्ये आलेला मजकूर '२०२४-०८-११', देवनागरी आकड्यांत.
३) ११, २१ आणि १ तारखेच्या पहाटेचं थोडं दूध आधीच्या बिलात जातं. सगळं नाही, फक्त लवकर मापलेलं.
४) २९, ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ च्या पावत्यांवर वर्ष २०२५.
५) आयफोनवर ॲपची मराठी निवडली तरी तारखा इंग्रजी. एका फोनवर तर वर्ष 2567.

यात उत्पादकाच्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून ३ आधी सुटायला हवा. हे सगळं एकाच कारणानं होतंय की वेगवेगळ्या?

लोकेलवाला
कारणं पाच वेगळी आहेत, पण मूळ चूक एकच. माणसाला दाखवायची तारीख आणि यंत्राला पाठवायची तारीख तुम्ही एकाच फॉरमॅटरमधून (तारखेचा मजकूर बनवणाऱ्या कोडमधून) काढताय. आधी या दोन वाटा वेगळ्या करा. यंत्राच्या वाटेवर फोनची भाषा कुठेही येता कामा नये. माणसाच्या वाटेवर ती यायलाच हवी, पण एकाच जागेवरून.

क्रमांक १ आणि २ चं उत्तर देतो.

भाषांची माहिती अँड्रॉइड आयसीयू या लायब्ररीकडून घेतं आणि आयसीयूचा डेटा युनिकोडच्या सीएलडीआर प्रकल्पातून येतो. तिथे मराठीची मूळ अंकपद्धती देवनागरी आहे, हिंदीची मात्र इंग्रजी आकड्यांची. म्हणून फोन हिंदीत ठेवून चाचणी केली तर हा दोष कधीच दिसत नाही. मराठीत किंवा नेपाळीत ठेवला की लगेच दिसतो. 'भारतीय भाषेत तपासलं होतं' असं सांगून हा दोष अनेक ॲपमधून सुटतो, त्याचं कारण हेच.

आता एकाच ॲपमध्ये दोन तऱ्हेचे आकडे का? जावातला जुना वर्ग सिंपलडेटफॉरमॅट लोकेलचे (निवडलेल्या भाषा-प्रदेशाचे) आकडे घेतो, म्हणून यादीत १५/०८/२०२४. नवा डेटटाइमफॉरमॅटर महिन्याचं नाव लोकेलमधून घेतो, पण आकड्यांसाठी डेसिमलस्टाइल.स्टँडर्ड वापरतो, म्हणजे इंग्रजी आकडे. म्हणून 15 ऑगस्ट, 2024. तुमच्या यादीचा कोड जुना आणि पावतीच्या पडद्याचा कोड नंतर लिहिलेला असणार. डेटटाइमफॉरमॅटरला विथडेसिमलस्टाइल लावून त्यात डेसिमलस्टाइल.ऑफ(लोकेल) दिलं की दोन्हीकडे देवनागरी आकडे येतील.

सर्व्हरला जाणारी तारीख सिंपलडेटफॉरमॅट आणि लोकेल.गेटडिफॉल्ट या जोडीतून निघतेय, हे लॉगवरूनच कळतं. तिथे लोकलडेट घ्या आणि आयएसओ_लोकल_डेट वापरा. जुना वर्ग ठेवावाच लागला तर लोकेल.रूट द्या.

आणखी एक जागा बघा. स्ट्रिंग.फॉरमॅटमध्ये लोकेल दिलं नसेल तर '%.१एफ'सारखा साचा मराठी फोनवर फॅट '४.२' असा देवनागरीत काढतो. तो मजकूर परत टूडबलला दिला की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येतं. फसवी गोष्ट अशी की इंटिजर.पार्सइंट देवनागरी आकडे निमूट वाचतो. सभासद क्रमांक पार होतो आणि फॅटवर ॲप कोसळतं. असा अहवाल आला की लोक फॅट मशीनच्या जोडणीत चूक शोधत बसतात.

कृष्णाकाठ
बरोबर. यादीत सिंपलडेटफॉरमॅट आहे, पावतीत डेटटाइमफॉरमॅटर. स्ट्रिंग.फॉरमॅट लोकेलशिवाय १४ ठिकाणी सापडलं.

लोकेलवाला
ते हाताने शोधायची गरज नाही. अँड्रॉइड लिंटमध्ये (कोडमधल्या चुका आपोआप शोधणाऱ्या साधनात) दोन तपासण्या आहेत, 'सिंपलडेटफॉरमॅट' आणि 'डिफॉल्टलोकेल'. दोन्ही नुसत्या इशाऱ्यावर असतात, त्या एररवर न्या म्हणजे बिल्डच अडेल. पण लोकेल.गेटडिफॉल्ट लिहिलं की लिंट गप्प बसतं, मग ते सर्व्हरला जाणाऱ्या तारखेत असलं तरी. तेवढं डोळ्यांनी वाचावं लागेल.

यूटीसी_साडेपाच
क्रमांक ३ वर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे.

भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. ११ तारखेला पहाटे ५:१५ ला दूध मापलं, तेव्हा यूटीसीत १० तारखेचे २३:४५ वाजलेले असतात. सर्व्हर यूटीसीत चालतो आणि त्या क्षणातून तारीख कापून घेतो, म्हणून ते दूध १० तारखेच्या नावावर आणि १ ते १० च्या बिलात. ५:३० नंतर मापलेलं दूध बरोबर बसतं. हे रोज घडतंय. फक्त बिल बदलतं त्या दिवशी ते लोकांच्या डोळ्यावर येतं. इतर दिवशी बिलाची एकूण रक्कम जुळते म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण दिवसवार उतारा काढला तर आदल्या दिवशी सकाळच्या दोन पावत्या आणि त्या दिवशी एकही नाही असं दिसेल. तपासून बघा.

दुरुस्ती अशी. संकलनाच्या नोंदीत तीन वेगळे रकाने हवेत. संकलन दिनांक, प्रकार डेट, त्यात वेळ नाही. पाळी, सकाळ किंवा संध्याकाळ. आणि मापल्याचा नेमका क्षण, प्रकार टाइमस्टँपटीझेड (झोन धरणारी वेळ). बिल पहिल्या दोन रकान्यांवरून काढायचं, क्षण फक्त तपासणीसाठी ठेवायचा. संकलन दिनांक मापतानाच फोनवर ठरवा आणि त्यासाठी झोन 'एशिया/कोलकाता' असा नावाने लिहा. फोनचा झोन घेऊ नका. संस्था महाराष्ट्रात आहे, फोनचा झोन चुकून दुसरा असला तरी दुधाचा दिवस बदलत नाही. आणि 'आयएसटी' ही तीन अक्षरं कुठेच नकोत. ती भारताची, इस्रायलची आणि आयर्लंडची अशी तिघांची आहेत.

कृष्णाकाठ
जुन्या नोंदींचं काय करायचं? रकाना टाइमस्टँप आहे, झोनशिवाय, आणि आत यूटीसी आहे.

यूटीसी_साडेपाच
मग सांभाळून. पोस्टग्रेसमधल्या 'ॲट टाइम झोन'चा अर्थ रकान्याच्या प्रकारावर उलटतो. टाइमस्टँपटीझेडला 'एशिया/कोलकाता' लावलं तर भारतीय वेळ मिळते. झोनशिवायच्या टाइमस्टँपला तेच लावलं तर पोस्टग्रेस समजतं की आतली वेळ आधीच भारतीय आहे, आणि साडेपाच तास उलट दिशेला सरकवतं. तुमच्या रकान्यावर दोनदा लावावं लागेल: आधी ॲट टाइम झोन 'यूटीसी', त्याच्यावर ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता', आणि मग डेटमध्ये कास्ट.

थेट अपडेट चालवू नका. आधी सिलेक्टमध्ये जुनी तारीख आणि नवी तारीख शेजारी शेजारी काढा. ज्या ओळींत फरक आहे त्या सगळ्या सकाळच्या पाळीच्या आणि भारतीय वेळेनं ५:३० च्या आधीच्या असायला हव्यात. एक जरी ओळ संध्याकाळची निघाली तर थांबा, तिचं कारण वेगळं आहे.

आणि वाटप झालेली बिलं मागे जाऊन बदलू नका. उत्पादकाच्या हातात छापील प्रत आहे. दोन बिलांच्या काळात दर बदलला असेल तर फरकाची रक्कम काढून पुढच्या बिलात 'फरक' अशी स्वतंत्र ओळ टाका, म्हणजे त्याला ती वाचता येईल आणि विचारताही येईल.

मृगनक्षत्र
क्रमांक ४ म्हणजे कॅपिटल वाय. कुठेतरी साच्यात वर्षासाठी स्मॉल वायऐवजी कॅपिटल वाय चार वेळा आलंय. स्मॉल वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, कॅपिटल वाय म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते वर्ष. वर्षभर दोन्ही सारखेच दिसतात आणि डिसेंबरच्या शेवटी फाटा फुटतो.

ही चूक बहुतेक वेळा वेबच्या कोडमधून उचलून आणली जाते. मोमेंट आणि डेजेएस या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत तारखेला कॅपिटल डी आणि वर्षाला कॅपिटल वाय हेच बरोबर आहे. जावा, कोटलिन आणि स्विफ्टमध्ये तोच साचा चिकटवला तर कॅपिटल डी वर्षातला कितवा दिवस ते सांगतो आणि कॅपिटल वाय आठवड्याचं वर्ष. कॅपिटल डीची चूक १ फेब्रुवारीलाच उघडी पडते, कारण तारीख ३२ दिसते. कॅपिटल वायची डिसेंबरपर्यंत लपून राहते.

तशीच आणखी अक्षरं: कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं. कॅपिटल एच चोवीस तासांचं घड्याळ, स्मॉल एच बारा तासांचं. स्मॉल एच लिहून पुढे एएम-पीएमचं अक्षर विसरलं तर सकाळचं ६ आणि संध्याकाळचं ६ सारखंच दिसतं. तुमच्याकडे दोन पाळ्या आहेत, म्हणून हे नक्की बघा.

कृष्णाकाठ
कॅपिटल वाय सापडला, पावतीच्या पीडीएफमध्ये. पण एक शंका. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २०२५ चा पहिला आठवडा सोमवारी ३० डिसेंबरला सुरू होतो. मग २९ ला पण २०२५ कसं आलं?

मृगनक्षत्र
कारण भारतासाठी सीएलडीआरमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येईल तो पहिला आठवडा, मग त्यात नव्या वर्षाचा एकच दिवस असला तरी चालतो. १ जानेवारी २०२५ बुधवार होता, त्याआधीचा रविवार २९ डिसेंबर. म्हणून तीन दिवस. हाच कोड तसाच राहिला तर २०२५ अखेर २८ ते ३१ असे चार दिवस आणि २०२६ अखेर २७ ते ३१ असे पाच दिवस चुकतील. चाचणीत 'एक डिसेंबरअखेर' एवढं पुरत नाही, या तारखा नावानिशी घाला.

सफरचंद_स्विफ्ट
आयफोनची बाजू मांडतो, ती अँड्रॉइडपेक्षा वेगळी आहे.

अँड्रॉइडवर फोन मराठीत असला की ॲपमध्ये मराठीचा एक शब्द नसला तरी तारखा मराठीत येतात. आयफोनवर उलट. लोकेल.करंटची भाषा ॲप ज्या भाषांना पाठिंबा जाहीर करतं त्यातूनच ठरते. बंडलमध्ये मराठी जाहीर नसेल तर फोन मराठीत असूनही तुम्हाला इंग्रजी-भारत मिळतं. तुमचं मराठी भाषांतर बहुधा सर्व्हरवरून किंवा स्वतःच्या जेसनमधून येतंय, बरोबर ना? म्हणून शब्द मराठी आणि तारखा इंग्रजी. एक्सकोडमध्ये प्रोजेक्टच्या लोकलायझेशन्समध्ये मराठी जोडा, किंवा इन्फो.पीलिस्टमध्ये सीएफबंडललोकलायझेशन्सच्या यादीत 'एमआर' (मराठीचा कोड) घाला.

2567 वालं वर्ष बौद्ध कॅलेंडरचं आहे, २०२४ मध्ये ५४३ मिळवलेले. सेटिंग्ज, जनरल, लँग्वेज अँड रीजन, कॅलेंडर इथे ते निवडलेलं असेल. हा वापरणाऱ्याचा दोष नाही, त्याने हवं ते कॅलेंडर निवडलंय. पण सर्व्हरला जाणारी तारीख त्यातून निघाली तर थेट 2567 साल डेटाबेसमध्ये जाईल. यंत्राच्या वाटेवरच्या प्रत्येक डेटफॉरमॅटरला लोकेल 'ईएन_यूएस_पॉसिक्स' द्या आणि टाइमझोन स्पष्ट लिहा. बिल आणि पावती ही हिशोबाची कागदपत्रं आहेत, त्यामुळे दाखवतानाही तिथे कॅलेंडर ग्रेगोरियन ठरवून द्या.

पॉसिक्सचं आणखी एक कारण आहे. वापरणाऱ्याने चोवीस तासांचं घड्याळ बंद केलं असेल तर साधं लोकेल असलेला डेटफॉरमॅटर तुमच्या साच्यातलं कॅपिटल एच बदलून बारा तासांची वेळ देऊ शकतो. साचा तुम्ही लिहिलात, पण फोन तो फिरवतो. पॉसिक्स दिलं की फिरवत नाही.

आयएसओ८६०१डेटफॉरमॅटर वापरत असाल तर दोन गोष्टी. त्याचा झोन न सांगता जीएमटी असतो, म्हणजे वरचाच साडेपाचचा घोळ. आणि सेकंदाचे अंश असलेला मजकूर तो विथफ्रॅक्शनलसेकंड्सशिवाय वाचत नाही, तो पर्याय लावला की अंश नसलेला वाचत नाही. सर्व्हरकडून एकच रूप येईल असं पक्कं करा.

कृष्णाकाठ
भाषांतर सर्व्हरवरूनच येतं. 'एमआर' घातलं आणि आयफोनच्या तारखा मराठी झाल्या.

अँड्रॉइडवर बिलाच्या डोक्यावरचा इंग्रजी महिना अजून तसाच आहे. ॲपमधून भाषा बदलली की इंग्रजी राहतो, ॲप पूर्ण बंद करून उघडलं की मराठी येतो. कधीकधी तेही नाही.

लोकेलवाला
'बंद करून उघडलं की येतो' म्हणजे फॉरमॅटर एकदाच बनवून ठेवलाय. कंपॅनियन ऑब्जेक्टमध्ये किंवा ॲप्लिकेशन वर्गात असेल. तो ज्या क्षणी बनला त्या क्षणाची भाषा धरून बसतो. भाषा बदलली तरी त्याला कळत नाही. फॉरमॅटर फंक्शनमध्ये बनवा, किंवा लोकेल ही किल्ली धरून साठवा. तो सिंपलडेटफॉरमॅट असेल तर दुसरंही संकट आहे: तो अनेक थ्रेडमधून एकदम वापरायचा नसतो. यादी भरभर सरकवताना मधूनच भलतीच तारीख दिसून जाते, आणि परत बघायला गेलं तर ठीक असते. असा अहवाल आला की लोक नेटवर्कला दोष देतात.

'कधीकधी तेही नाही' याला तीन कारणं शक्य आहेत.

एक, भाषा बदलण्यासाठी तुम्ही ॲक्टिव्हिटीचा, म्हणजे एका पडद्याचा, कॉन्टेक्स्ट गुंडाळताय आणि बिलाचा कोड अख्ख्या ॲपचा, म्हणजे ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट वापरतोय. त्याला फोनचीच भाषा दिसते.

दोन, वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणारी खिडकी. अँड्रॉइड ७ पासून पहिला वेबव्ह्यू बनताना ॲपचं लोकेल परत फोनच्या भाषेवर जातं. मदतीचं पान वेबव्ह्यूमध्ये असेल तर ते उघडून मागे आलं की तारखा बदललेल्या दिसतील. करून बघा.

तीन, ॲप बंडल. प्ले स्टोअर फोनच्या भाषांपुरतेच शब्द उतरवतं. फोन इंग्रजीत असेल तर मराठीची स्ट्रिंग्जची फाइल फोनवर नसतेच, पण तारखांचा डेटा सिस्टिममध्ये असतो. मग शब्द इंग्रजी, तारीख मराठी असं उलटं मिश्रण येतं. तुमच्या स्वतःच्या फोनवर एपीके (थेट इन्स्टॉल करायची फाइल) टाकून हे कधीच दिसणार नाही, कारण एपीकेत सगळ्या भाषा असतात. ग्रेडलमध्ये बंडल, लँग्वेज, एनेबलस्प्लिट फॉल्स करा.

पहिल्या दोन्हींवर नीट उपाय म्हणजे हाताने कॉन्टेक्स्ट गुंडाळणं सोडून ॲपकॉम्पॅट १.६ मधलं सेटॲप्लिकेशनलोकेल्स वापरणं. अँड्रॉइड १३ पासून ते सिस्टिमच्या ॲपवार भाषेलाच जोडलं जातं. त्याआधीच्या फोनवर ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टला मात्र फोनचीच भाषा दिसत राहते.

आणि एक युक्ती, जी मी प्रत्येकाला सांगतो. स्ट्रिंग्जच्या प्रत्येक फाइलमध्ये एक ओळ ठेवा, नाव 'ॲप_लोकेल'. मराठी फाइलमध्ये किंमत 'एमआर-आयएन', इंग्रजीत 'ईएन-आयएन'. तारखेचं लोकेल फोनला विचारायचं नाही, या ओळीला विचारायचं. शब्द ज्या फाइलमधून आले त्याच भाषेत तारीख येणार. फोन कन्नडमध्ये असला आणि तुमच्याकडे कन्नड नसलं तरी इंग्रजी शब्दांमध्ये कन्नड तारीख येणार नाही.

कृष्णाकाठ
वेबव्ह्यूच होता. मदतीचं पान उघडून मागे आलं की शंभर टक्के घडतं. सेटॲप्लिकेशनलोकेल्सवर जातोय.

आता आकड्यांचा निर्णय. देवनागरी ठेवायचे की इंग्रजी?

मृगनक्षत्र
देवनागरी. मराठी निवडणाऱ्याला मराठी आकडे मिळालेच पाहिजेत. सरकारी कागदांवर, पंचांगात, शाळेच्या पुस्तकात तो हेच वाचतो.

यूटीसी_साडेपाच
आकड्यांचा प्रश्न तारखेपुरता नाही. संकलन केंद्रावर वजनकाट्यावर आणि फॅट मशीनवर इंग्रजी आकडे उमटतात. उत्पादक तिथे 6.5 वाचतो आणि लगेच फोनवर पावती ताडून बघतो. तिथे ६.५ आलं तर वाचता येतं हे खरं, पण घाईत ५ आणि ६ च्या वळणाला नजर अडते. पावतीवर काट्यासारखेच आकडे असावेत असं माझं ठाम मत आहे.

मृगनक्षत्र
हे पटलं. पण मग तारीख, लिटर, दर, रक्कम सगळं इंग्रजी आकड्यांत. अर्धं असं आणि अर्धं तसं नको. मराठी पडद्यावर १५ ऑगस्ट आणि खाली 6.5, असं मिश्रण सगळ्यात वाईट.

लोकेलवाला
तांत्रिकदृष्ट्या दोन्ही सोपं आहे. लोकेलच्या नावातच सांगता येतं: 'एमआर-आयएन-यू-एनयू-लॅटएन'. महिन्याची नावं मराठी, आकडे इंग्रजी. देवनागरीसाठी शेवटी 'लॅटएन'च्या जागी 'देवा' (डी-ई-व्ही-ए). ही किंमत वरच्या 'ॲप_लोकेल' ओळीत घातली की सिंपलडेटफॉरमॅट आणि नंबरफॉरमॅट दोन्ही तिथूनच वाचतील. डेटटाइमफॉरमॅटर मात्र ते आपोआप वाचत नाही, त्याची डेसिमलस्टाइल वेगळी द्यावी लागते. अँड्रॉइड १४ पासून फोनच्या प्रादेशिक पसंतीत आकड्यांचाही पर्याय आलाय. सेटिंग ठेवायचंच असेल तर मूळ किंमत इंग्रजी ठेवा आणि वापरणाऱ्याला बदलू द्या.

फ्लटर_पाखरू
हा धागा फ्लटरवालेही (अँड्रॉइड आणि आयफोनसाठी एकच कोड लिहिणारे) वाचत असतील म्हणून थोडक्यात. इंटल पॅकेजमध्येही मराठीला देवनागरी आकडेच येतात. डेटफॉरमॅट.यूजनेटिव्हडिजिट्सबायडिफॉल्टफॉर ला 'एमआर' आणि फॉल्स दिलं की तारखांत सगळीकडे इंग्रजी. 'लोकेल डेटा हॅज नॉट बीन इनिशियलाइज्ड' अशी चूक आली तर इनिशियलाइझडेटफॉरमॅटिंग आधी बोलवलेलं नाही.

जावास्क्रिप्टमध्ये दोन सापळे. न्यू डेट ला '2024-08-15' एवढंच दिलं तर ते यूटीसीची मध्यरात्र धरतं. भारतात तो १५ च दिसतो, न्यू जर्सीतल्या वापरणाऱ्याला १४. उलट दिशेला, भारतातली मध्यरात्र टूआयएसओस्ट्रिंगमधून काढून पहिली दहा अक्षरं कापली तर आपल्याकडेच १४ येते. दुसरा सापळा मराठी आकड्यांचा: पार्सइंट ला '१५' दिलं तर नॅन, म्हणजे 'ही संख्या नाही'.

कृष्णाकाठ
याच जातीचं आमच्या तारीख निवडायच्या खिडकीत आहे का? बिलाचा काळ निवडताना ११ तारीख आधीच निवडलेली दिसायला हवी, तर १० वर गोल दिसतो. मटेरियलडेटपिकर आहे.

यूटीसी_साडेपाच
तेच. मटेरियलडेटपिकर यूटीसीची मध्यरात्र मिलिसेकंदांत घेतो आणि तशीच परत देतो. तुम्ही भारतातली मध्यरात्र दिली, ती यूटीसीत १० तारखेचे १८:३०. देताना लोकलडेटला झोनऑफसेट.यूटीसीनं मध्यरात्र काढून द्या, घेतानाही यूटीसीनंच लोकलडेट बनवा.

पंचांगप्रेमी
सोबत तिथी दाखवता येईल का? आयसीयूमध्ये 'यू-सीए-इंडियन' असं कॅलेंडर आहे म्हणे.

मृगनक्षत्र
ते वापरू नका. ते १९५७ पासून लागू असलेलं सरकारी शक कॅलेंडर आहे, सौर. १५ ऑगस्ट २०२४ ला ते २४ श्रावण १९४६ देतं. आपला चांद्र श्रावण त्या वर्षी ५ ऑगस्टला सुरू झाला होता. नाव तेच, दिवस वेगळा. उत्पादक बघेल आणि ॲपवरचा विश्वास उडेल. तिथीसाठी पंचांगाचा वेगळा डेटा लागतो.

चाचणीकार
बदल झाल्यावर तपासायची माझी पद्धत. फोनच्या भाषा तीन: मराठी, इंग्रजी-अमेरिका, आणि ॲपमध्ये नसलेली एक, उदाहरणार्थ तमिळ. प्रत्येकात ॲपची भाषा मराठी आणि इंग्रजी. झोन दोन: कोलकाता आणि न्यूयॉर्क.

तारखा: ३ एप्रिल (दिवस-महिना उलटले तर ४ मार्च दिसेल), २९ फेब्रुवारी २०२४, १ फेब्रुवारी, आणि मृगनक्षत्र यांनी दिलेले डिसेंबरअखेरचे दिवस. वेळा: ०:१०, ५:२९, ५:३१, १२:१०, २३:५०. ५:२९ आणि ५:३१ या दोन पावत्या एकाच दिवसात आल्या पाहिजेत. १५ ऑगस्टसारखी तारीख एकटी वापरू नका, १५ हा महिना नसतो म्हणून उलटापालट तिथे कळत नाही.

युनिट चाचणीत लोकेल.सेटडिफॉल्ट मराठी करून सर्व्हरला जाणारा मजकूर तपासा: त्यात ० ते ९ इंग्रजी आकडे आणि हायफन याशिवाय एकही अक्षर नसावं. आयफोनवर एक्सकोडच्या स्कीममध्ये ॲप लँग्वेज आणि ॲप रीजन वेगवेगळे ठेवता येतात, फोनची भाषा बदलत बसावं लागत नाही.

कृष्णाकाठ
बदल चढवले. सिलेक्टमध्ये फरकाच्या ओळी सगळ्या सकाळच्या आणि ५:३० च्या आधीच्याच निघाल्या. आकडे सगळीकडे इंग्रजी ठेवले, सेटिंगमध्ये देवनागरीचा पर्याय दिला. दोन गोष्टी उरल्या.

पावतीवर '15 ऑगस्ट, 2024 रोजी 6:10 AM वाजता रोजी संकलित' असं येतंय. एएम इंग्रजी लिपीतच छापलं जातं, आणि 'रोजी' दोनदा.

दुसरं, इंग्रजी पावती सर्व्हरवर तयार होऊन ब्लूटूथ थर्मल प्रिंटरला जाते. सर्व्हर जावा १७ वरून २१ वर नेल्यापासून वेळ आणि एएम यांच्यामध्ये भलतंच चिन्ह छापलं जातं.

लोकेलवाला
पहिलं: मराठीच्या लांब स्वरूपात तारीख आणि वेळ जोडताना सीएलडीआर स्वतःच '… रोजी … वाजता' घालतं. तुमच्या वाक्यातही 'रोजी' आहे. पावतीवर तारीख आणि वेळ वेगवेगळ्या काढा आणि वाक्य तुमचं ठेवा. वेळेला एएम-पीएम नकोच, पाळी तुमच्याकडे आहे: '15 ऑगस्ट, 2024, सकाळ, 6:10'. एएम-पीएमच्या जागी जुन्या सीएलडीआरमध्ये मराठीत 'म.पू.' आणि 'म.उ.' यायचं, तेही कुणाला कळत नसे.

दुसरं: २०२२ च्या सीएलडीआर ४२ पासून इंग्रजी वेळेत एएम-पीएमच्या आधी साध्या जागेऐवजी अरुंद न तुटणारी जागा येते, युनिकोड २०२एफ. जावा २० पासून तो डेटा आहे. पडद्यावर फरक दिसत नाही, प्रिंटरच्या अक्षरतक्त्यात मात्र ते अक्षर नाही. प्रिंटरला जाणाऱ्या वेळेसाठी तयार शैली न वापरता साचा स्वतः लिहा, मधली जागा साधी. वेळ वाचणारा कोड कुठे असेल तर तोही याच अक्षरावर अडेल. ब्रिटिश इंग्रजी लोकेल असेल तर सप्टेंबरचं छोटं रूपही जुन्या जावात तीन अक्षरी आणि नव्यात चार अक्षरी येतं, रकान्याची रुंदी मोजून ठेवली असेल तर ते बघा.

कृष्णाकाठ
साचा लिहून दिला, चिन्ह गेलं. रकाना सप्टेंबरसाठी एका अक्षराने वाढवला. 'फरक'ची ओळ येत्या ११ ते २० च्या बिलात जातेय.